माळ्यावरच्या स्पूलमधला आवाज

ईदच्या आधी घर आवरायला काढले की पोटमाळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे एक जड पेटी खाली आली. उघडून पाहिली तर आत चाचांचा स्पूल टेपरेकॉर्डर! १९७१ साली कुवेतहून पहिल्या सुट्टीवर येताना त्यांनी तो आणला होता. सोबत पाच इंची एकच स्पूल होता आणि त्याच्या खोक्यावर चाचांच्या अक्षरात लिहिले होते, ‘शादी, १९७४’.

ही शादी आमच्या फुफीची. त्या रात्री मरहूम दादी मांडवात गायली होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दादीचा धड एक फोटोही घरात नाही. तिचा आवाज असलाच तर या एका फितीवर. फुफी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. खबर कळताच ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने येऊन हजर झाली.

पुतण्याने उत्साहात पिन लावली, स्पूल चढवला आणि बटण दाबले. आतून नुसता घूंऽऽ आवाज आला. चक्र्या जागच्या हलेनात. मग जळकट वास येऊ लागला. आम्ही घाईने पिन ओढून काढली. फुफी काही बोलली नाही, तसबीह हातात घेऊन बसून राहिली.

फीत तुटली नाही, हे आमचे नशीब. कारण आम्ही केले ते सगळे उलट्या क्रमाने केले होते. बाजारातल्या एका वयस्क रेडिओ मिस्त्रींनी आम्हांला ते समजावून सांगितले. ज्यांच्या माळ्यावर असे मशीन पडून असेल त्यांच्यासाठी ते इथे लिहीत आहोत.

मिस्त्रींचे पहिले वाक्य असे, “मशीन दुसरे मिळेल, फीत दुसरी मिळणार नाही. आधी फीत बाजूला ठेवा.”

आधी फीत पाहावी

फितीचा वास घ्यावा. सिरक्यासारखा आंबूस वास आला तर ती जुन्या अ‍ॅसिटेटची असून खराब होऊ लागली आहे असे समजावे. अशी फीत ठिसूळ होते आणि झटक्याने तुटते. स्पूल उजेडासमोर आडवा धरावा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट असण्याचा संभव जास्त. पॉलिएस्टरची गुंडाळी काळीकुट्ट दिसते. ती सहसा तुटत नाही, पण ओढली गेली तर ताणली जाते आणि तेवढा आवाज कायमचा बिघडतो. कोकणच्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशीही धरते. बुरशी दिसली तर ती फीत मशीनवर चढवू नये, जाणकाराकडे द्यावी. आमची फीत पॉलिएस्टरची निघाली, बुरशीही नव्हती.

मग वीज

वर्षानुवर्षे बंद असलेल्या मशीनमधले कपॅसिटर सुकलेले असतात. एकदम पूर्ण वीज दिली तर ते फुटतात किंवा आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. मशीनच्या मागे ११० आणि २२० व्होल्टचा खटका असेल तर आधी तो २२० वर आहे ना, हे पाहावे. परदेशातून आलेल्या मशीनमध्ये ही चूक हमखास सापडते.

मिस्त्रींनी मशीन सिरीज बोर्डावर लावले. म्हणजे विजेच्या वाटेत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. सुरुवातीला चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. आमचा बल्ब मंद झाला. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये तर तिचा झटका जिवावर बेतू शकतो. म्हणून झाकण घरी उघडू नये.

चक्र्या का फिरत नाहीत?

आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. पॉजचा खटका अडकलेला नाही ना? वेगाचे बटण दोन आकड्यांच्या मधे राहिले नाही ना? काही मशीनमध्ये तसे असले की चक्र्या सुटून राहतात. फितीच्या वाटेवर एखादी छोटी दांडी असते. फीत ताणून बसली नाही तर ती दांडी मशीन चालूच होऊ देत नाही.

आमच्याकडे मोटर फिरत होती, पण जोर चक्र्यांपर्यंत पोचत नव्हता. झाकण उघडले तेव्हा कारण दिसले. रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. पन्नास वर्षांत रबराचे दोनच प्रकार होतात, वितळते किंवा दगड बनते. पट्टा वितळला होता आणि मोटरला टेकून फिरणारे रबरी चाक कडक होऊन घसरत होते. सगळ्या दांड्यांवरचे ग्रीसही गोंदासारखे सुकले होते. मोटर अडून तापली होती, जळकट वास त्याचाच.

मिस्त्रींनी काळा चिकटा पुसून काढला. पट्ट्याच्या वाटेने दोरा फिरवून माप घेतले आणि त्याहून थोडा आखूड पट्टा आणायला सांगितले, म्हणजे तो ताणून बसतो. पट्टा आम्हांला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळाला. रबरी चाकाची गुळगुळीत झालेली कड त्यांनी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासली. सुकलेले ग्रीस काढून मोटरच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. तेल रबराला लागू द्यायचे नाही, लागले तर पट्टा पुन्हा घसरतो.

आवाजाची जागा

फीत ज्या धातूच्या डोक्यावरून सरकते त्याला हेड म्हणतात. त्यावर तपकिरी थर साचला की आवाज दबतो किंवा येतच नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसावा. अत्तर, कोलन, घासलेट यांतले काही वापरू नये. एवढे करूनही नुसती घरघर ऐकू आली तर रेकॉर्ड आणि प्ले बदलणाऱ्या आतल्या खटक्याचे संपर्क गंजलेले असतात. मिस्त्रींनी त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि खटका वीसेक वेळा मागेपुढे केला.

मग त्यांनी रेकॉर्डच्या लाल बटणावर चिकटपट्टी लावली. “हे चुकून दाबले गेले तर जुना आवाज पुसला जाईल,” ते म्हणाले. पहिली चाचणीही त्यांनी आमच्या फितीवर घेतली नाही. त्यांच्याकडच्या एका टाकाऊ फितीवर अर्धा तास घेतली. ती कुठे ताणली जात नाही, चुरगळत नाही, हे पाहिले. तेव्हा कुठे दादीचा स्पूल चढला. पहिल्याच फेरीला पुतण्याने संगणक जोडून ठेवला, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा तितकीच नीट चालेल याची खात्री नसते.

मांडवातली रात्र

सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर या वेगाने पाच इंची स्पूलची एक बाजू सुमारे अर्धा तास चालते. सुरुवातीची काही मिनिटे भांड्यांचा, पोरांचा गलका होता. मग आमच्या कोकणी बोलीतले लग्नाचे गाणे सुरू झाले. एक आवाज पुढे आणि बाकीच्या बाया मागे. फुफी ताठ बसली. गाणे मधेच थांबले आणि तोच पुढचा आवाज कुणाला तरी दरडावून म्हणाला, “गो, भात उतरव, करपतोय!” मागून बाया हसल्या आणि गाणे पुन्हा सुरू झाले.

स्पूल संपल्यावर आम्ही विचारले, “फुफी, गाणे पुन्हा लावू?”

“गाणे राहू दे,” ती म्हणाली. “माय भाताचे बोलते ना, तेवढे लाव.”

त्या अर्ध्या तासाच्या आता तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर आणि एक फुफीच्या नातवाच्या मोबाइलमध्ये. मूळ फीत टाकली नाही. ती शेवटपर्यंत सावकाश गुंडाळून, खोक्यात उभी ठेवून कोरड्या कपाटात ठेवली. लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब. कोण गातेय, कोण बोलतेय, हे फुफीने सांगितले तसे वहीत उतरवून घेतले. ते सांगू शकणारी आता ती एकटीच उरली आहे.

आपल्यातल्या कितीतरी घरांतली माणसे कुवेतला, आफ्रिकेला, जहाजांवर होती. कुणी टेप आणले, कुणी पत्राऐवजी आवाज भरून पाठवला. पावसाळ्याच्या आत एकदा माळा पाहून घ्या. स्पूल सापडला तर पिन लावू नका. आधी त्याचा वास घ्या आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, यात कोण असेल?