अंगठीचं माप: नंबर नको, परीघ सांगा

साखरपुड्याची अंगठी हल्ली बऱ्याचदा बोट समोर नसताना ठरते. मुलगी डॅलसमध्ये, मुलगा नाशिकला, दागिना मोबाइलवर पसंत केलेला आणि सराफाला हवं असलेलं माप फोनवरून विचारलेलं. घरी घेतलेल्या मापाचा भरवसा नाही, असं अशा वेळी सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माप चुकतं, कारण बहुतेक वेळा मोजायची गोष्टच चुकलेली असते. अंगठीचं माप म्हणजे तिच्या आतल्या कडेचा परीघ, मिलिमीटरमध्ये. ही एकच लांबी नीट मोजली आणि तीच कळवली, तर कागद, कात्री आणि कंपासपेटीतली पट्टी एवढ्यावर पेढीवरच्या मापाच्या अगदी जवळ जाता येतं.

आधी नंबरांचा घोळ पाहू. आयएसओ ८६५३ हे आंतरराष्ट्रीय मानक सरळ आहे: आतला परीघ जितके मिलिमीटर, तितकं अंगठीचं माप. ५२ मिलिमीटर असेल तर माप ५२. आपल्याकडे सराफीत चालणारा नंबर साधारणपणे या परिघातून ४० वजा केले की मिळतो, म्हणून तीच अंगठी इथे १२ नंबरची ठरते. अमेरिकेत तिला ६ नंबर म्हणतात, आणि तिथे नंबर एकाने वाढला की परीघ सुमारे अडीच मिलिमीटरने वाढतो. आपल्याकडे एकच मिलिमीटरने. इंग्लंडमध्ये तर आकड्यांऐवजी अक्षरं वापरतात. आता डॅलसहून मुलीने ‘सात’ कळवलं, तर तिला साधारण ५४.४ मिलिमीटर परिघाची अंगठी हवी असते. इथल्या सराफाने ते आपलं ७ समजून घडवली, तर ती होईल ४७ मिलिमीटरची. एवढ्या फरकाची अंगठी त्या बोटात चढणारच नाही. एका गावातल्या दोन पेढ्यांच्या तक्त्यांतही एखाद्या नंबराचा फरक निघू शकतो. मिलिमीटर मात्र सगळीकडे तेवढाच असतो.

यावर कुणी म्हणेल, मग घरात असलेल्या अंगठीचा व्यास पट्टीने मोजून कळवला तर काय बिघडलं? बिघडतं ते इथे. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो. त्यामुळे व्यासात झालेली चूकही तितक्याच पटीने वाढते. साध्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर डोळ्यांनी अचूक वाचणं कठीण. व्यास मोजताना तेवढी चूक झाली की परिघात दीड मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड नंबर. व्यासात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर तीन नंबर. परीघच सरळ मोजला तर अर्ध्या मिलिमीटरची चूक अर्ध्या नंबरावर थांबते. कागदावर छापलेल्या किंवा मोबाइलवर दिसणाऱ्या गोलांवर अंगठी ठेवून माप घ्यायचे तक्ते मिळतात, त्यांचीही अडचण हीच. शिवाय छापताना पान लहान होतं आणि पडद्यावर चित्र मोठं होतं, ते वेगळंच. तसा तक्ता वापरायचाच असेल, तर त्यावरची मोजपट्टी आधी एटीएम कार्डाला लावून तपासावी. कार्डाची लांबी जगभर ८५.६ मिलिमीटर ठरलेली आहे. व्हर्निअर कॅलिपर हाताशी असेल तर व्यास खुशाल मोजावा, पण ते किती घरांत असतं?

परीघ मोजायला बहुतेक जण दोरा घेतात. दोरा ताणला जातो, मांसात रुततो, आणि खूण नेमकी कुठे करायची हेही कळत नाही. वहीच्या कागदाची चारपाच मिलिमीटर रुंदीची सरळ कापलेली पट्टी त्याहून कितीतरी चांगली. ती बोटाच्या मुळाशी गुंडाळायची, तिरकी होऊ द्यायची नाही, एकावर एक आलेल्या कडेला बारीक पेन्सिलीने रेघ मारायची आणि पट्टी सपाट करून लांबी मोजायची. मोजताना शून्याऐवजी १० मिलिमीटरच्या रेघेपासून सुरुवात करावी, कारण जुन्या पट्टीची कड झिजलेली असते. मग त्याच खुणेवर टोकं चिकटवून कागदाचं कडं करावं आणि ते बोटात घालून काढून पाहावं. आकड्याची खरी परीक्षा या कड्यात होते. नीट बसणारी जुनी अंगठी असेल, तर पट्टी सैल गुंडाळून तिच्या आत सरकवायची आणि आतून कडेला पूर्ण टेकेपर्यंत उलगडू द्यायची. खूण करून बाहेर काढली की अंगठीचा आतला परीघ हातात येतो. कुणाला न सांगता भेट द्यायची असेल तर हाच मार्ग. फक्त ती अंगठी कोणत्या हाताच्या कोणत्या बोटातली, हे आधी पक्कं करावं. डाव्या-उजव्या हाताच्या त्याच बोटातही थोडा फरक असतो.

इथवर पट्टीचं काम. पुढचा प्रश्न बोटाचा आहे, कारण बोट दिवसभर एका मापाचं राहत नाही. उन्हाळ्यात, व्यायामानंतर, खारट खाल्ल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर बोटं सुजल्यासारखी होतात. थंडीत आणि गार पाण्यात हात घातल्यावर बारीक होतात. नाशिकच्या मे महिन्यात घेतलेलं माप आणि डॅलसच्या जानेवारीतलं माप जुळावं ही अपेक्षाच गैर. म्हणून एकदाच मोजून थांबू नये. दोनतीन वेगवेगळ्या दिवशी, निदान एकदा संध्याकाळी, हात निवांत आणि नेहमीच्या उबेचे असताना मोजावं आणि मधला आकडा धरावा. गरोदरपणात बोटांना सूज येऊ शकते. त्या काळात कायमच्या अंगठीचं माप न घेतलेलं बरं.

सगळ्यात जास्त विचार लागतो तो सांध्याचा. अंगठी राहते बोटाच्या मुळाशी, पण तिथे पोचताना तिला मधला सांधा ओलांडावा लागतो. म्हणून दोन्ही ठिकाणी मोजावं. फरक एखाद्या मिलिमीटरचा असेल तर मुळाचं माप पुरतं, कारण त्वचा थोडी दबते. पण मुळाशी ५१ आणि सांध्यावर ५५ आलं, तर ५१ ची अंगठी चढणार नाही आणि ५५ ची गरगर फिरेल. अशा वेळी ५३-५४ च्या कागदी कड्यांनी ठरवावं: सांध्यावर किंचित अडखळून उतरलं पाहिजे आणि हात झटकल्यावर निसटता कामा नये. संधिवातामुळे सांधे मोठे झालेल्यांना तर हा मधला आकडाही त्रास देतो. त्यांनी सांध्यावरून उतरणारं माप घ्यावं आणि अंगठीच्या आतल्या बाजूने दोन बारीक दाणे बसवून मागावेत. त्यांनी अंगठी फिरत नाही. अंगठी रुंद, म्हणजे सहा-सात मिलिमीटरची असेल, तर ती जास्त मांस दाबते. अर्धा ते एक नंबर वाढवून घ्यावा. वेबसाइटवरचं वजन ठरावीक मापाच्या अंगठीचं असतं, हेही लक्षात ठेवावं. ५२ च्या जागी ५३ घेतली, तर सोनं सुमारे दोन टक्के जास्त लागतं आणि किंमत त्याप्रमाणे बदलते.

‘पूर्वी कोण मोजत बसत होतं?’ हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. तारेचं वेढणं किंवा तोंडाशी उघडी असलेली जोडवी बोटाप्रमाणे थोडी दाबता-सैलावता येतात, आणि ती सोय आपल्या कारागिरांनी जाणून केलेली आहे. बंद, खडे जडवलेल्या अंगठीत ती नाही. दुसरा आक्षेप असा, की चुकलं तर सोनार लहानमोठी करून देतोच. साधी २२ कॅरटची अंगठी कापून, तुकडा घालून, झाळून एखाद-दोन नंबरांनी बदलता येते, हे खरं. पण सगळीकडून खडे असलेली अंगठी बदलणं जिकिरीचं, अनेकदा अशक्य. टायटॅनियम आणि टंग्स्टनची तर जवळपास बदलतच नाही. आत नावं कोरलेली असतील किंवा हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असेल, तर कापताना तो जपावा लागतो. पेढी जवळ असेल तर तिथे जाऊन मापाच्या कड्यांच्या जुडग्यातून आपलं कडं शोधणं केव्हाही उत्तम, यात वाद नाही. तरीही घरी मोजून गेलात तर घाईत दिलेलं माप तिथल्या तिथे पडताळून पाहता येतं.

म्हणून मागणी नोंदवताना नुसता नंबर लिहू नका. ‘आतला परीघ ५३ मिलिमीटर, डावा हात, अनामिका, अंगठीची रुंदी ४ मिलिमीटर’ असं पूर्ण लिहा, सराफाकडून ते त्याच्या पावतीवर लिहून घ्या, आणि ती कागदाची पट्टी अंगठी हातात येईपर्यंत जपून ठेवा.