चिंताग्रस्त कुमारवयीन मन आणि भावनांचे आकलन

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पोटदुखी, धडधड, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन अनेक मुले-मुली आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. बहुतेकांच्या तपासण्या निर्दोष निघतात. मग पालक विचारतात, "काहीच नाही म्हणता, तर हे नाटक समजायचे का?" ते नाटक नसते. का नसते, हे देणगीदारांच्या व पालकांच्या माहितीसाठी येथे मांडत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. तज्ज्ञांकडून जे समजून घेतले तेच देत आहोत.

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूस बदामाच्या आकाराचा 'अमिग्डला' नावाचा भाग असतो. धोका हेरणे हे त्याचे एक प्रमुख काम. राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्या बोरीवलीकरांना बिबट्याचे भय नवे नाही. तिन्हीसांजेला झुडपात खसफस झाली की विचार करण्यापूर्वीच पाऊल थबकते, छाती धडधडू लागते. पुढच्या क्षणी कपाळामागील मेंदू 'हे तर मांजर' असे ठरवून ती धडधड शांत करतो. कुमारवयात पहिला भाग जोमाने काम करीत असतो. त्याला आवरणारा दुसरा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो.

चिंताविकार असलेल्या मुलांत हा तोल अधिकच ढळलेला असतो. चेहऱ्यांची चित्रे दाखवून एमआरआय यंत्राने केलेल्या अनेक अभ्यासांत, अशा मुलांचा अमिग्डला भ्यालेल्या वा रागावलेल्या चेहऱ्यास अधिक तीव्र प्रतिसाद देतो, असे आढळले आहे. निर्विकार चेहऱ्यातही त्यांना नापसंती दिसू शकते.

याचा घरातील अर्थ आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. चर्चगेटहून लोकलमध्ये उभ्याने आलेले वडील न बोलता जेवायला बसतात. ते केवळ थकलेले असतात. मुलीला मात्र वाटते, चाचणीतील गुणांचा राग आहे. "अभ्यास झाला का?" हा आईचा सहज प्रश्नही तिला आरोपासारखा ऐकू येतो. ती चिडते, दार लावून घेते. तिला समजावताना आवाज चढला, की तिच्या भीतीस पुरावाच मिळतो. 'उगाच घाबरू नकोस' या उपदेशाचा उपयोग का होत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. उपचार मात्र गुणकारी आहेत. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर, विचार व वर्तन बदलण्यास शिकविणाऱ्या समुपदेशनाने सुमारे ६० टक्के, तर त्यास औषधाची जोड दिल्यावर सुमारे ८१ टक्के मुले लक्षणीय सुधारली. औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते.

यंत्रासाठी देणगी दिली की दात्याच्या नावाचा फलक लागतो. समुपदेशकाचे मानधन ताळेबंदात एका ओळीत संपते. त्या ओळीकडेही दात्यांनी पाहावे, ही विनंती.

पालकांस सूचना एवढीच, की अशी लक्षणे काही आठवडे टिकली, मूल शाळा वा मित्र टाळू लागले, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता त्यास घेऊन यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे शब्द तोंडी आल्यास त्याच दिवशी, त्यास एकटे न सोडता, आणावे. शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.