आर्थिक अडचणीतील कंपनी आणि 'रिसीव्हर' : ठाणे–कल्याण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, आंबिवलीजवळचे मोहने या औद्योगिक पट्ट्यात बंद कारखान्याचे फाटक हे अपरिचित दृश्य नाही. फाटकावर न्यायालयाची नोटीस लागली की 'कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली' असे म्हटले जाते आणि कंपनी संपली असा त्याचा अर्थ घेतला जातो. कायद्याच्या दृष्टीने हा अर्थ चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत बहुधा कामगारालाच मोजावी लागते.

रिसीव्हर म्हणजे काय?

रिसीव्हर, म्हणजे विधिभाषेतील 'प्रापक', हा मालमत्तेचा राखणदार असतो, मालक नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४० नुसार न्यायालयाला 'न्याय्य व सोयीचे' वाटल्यास ते वादग्रस्त मालमत्तेवर प्रापक नेमू शकते. त्याने मालमत्ता ताब्यात घ्यावी, भाडे व उत्पन्न गोळा करावे, हिशेब न्यायालयाला सादर करावा. त्याच्या हेतुपुरस्सर कसुरीमुळे किंवा घोर हलगर्जीपणामुळे नुकसान झाल्यास त्याची भरपाईही त्यानेच करावी. मुंबई उच्च न्यायालयात तर 'कोर्ट रिसीव्हर' हे स्वतंत्र कार्यालयच आहे. प्रापक नेमला तरी कुलूप लागतेच असे नाही. पुष्कळदा कंपनीलाच 'रिसीव्हरचा एजंट' म्हणून त्याच जागेत काम चालू ठेवू दिले जाते व त्याबद्दल रॉयल्टी आकारली जाते. यंत्रे तीच, माणसे तीच. ताबा मात्र कायद्याने न्यायालयाचा.

दुसरा प्रकार धनकोने नेमलेल्या प्रापकाचा. गहाणखतात तशी तरतूद असल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६९-अ खाली तो नेमता येतो. न्यायालयाचा प्रापक सर्व पक्षांसाठी मालमत्ता जपतो. या दुसऱ्याची नेमणूक मात्र धनकोच्या वसुलीसाठी होते. इंग्लंडमध्ये बँकेने नेमलेला असा प्रापक संपूर्ण कंपनीच हाती घेत असे. इतर देणेकऱ्यांचे त्यात नुकसान होते असे दिसून आल्यावर २००२ च्या एंटरप्राइज कायद्याने तो मार्ग बव्हंशी बंद करण्यात आला.

कोणत्याही प्रकारात कंपनीचे कायदेशीर अस्तित्व टिकून असते. तिच्या विसर्जनाकडे नेणारी प्रक्रिया समापनाची. ते काम समापकाचे, म्हणजे लिक्विडेटरचे.

मोहन्याचा अनुभव

मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, लोकांच्या तोंडी 'एनआरसी', २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी अडकली. हे प्रकरण काटेकोर अर्थाने प्रापकाचे नव्हे. परंतु अडचणीतील कंपनीचा ताबा कोणाकडे आणि कामगाराचे स्थान कोठे, हा प्रश्न येथे जितका ठळक होतो तितका क्वचितच होत असेल. आजारी उद्योगांसाठीचा १९८५ चा कायदा १ डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला व त्याखालील 'बीआयएफआर' संपुष्टात आले. पुढे एनआरसीचे प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. अदानी समूहाकडे ही मालमत्ता आल्यानंतरही थकीत देण्यांसाठी कामगारांची आंदोलने चालूच राहिली.

या संहितेत संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होऊन कारभार निराकरण व्यावसायिकाकडे जातो. व्यवहारात तो प्रापकासारखा दिसतो, पण त्याची नेमणूक एका मालमत्तेपुरती नसून संपूर्ण कंपनीसाठी असते. वसुलीचे दावेही त्या काळात स्थगित राहतात.

खरी मेख कलम ५३ मध्ये आहे. समापन झाल्यास, ते सुरू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांतील कामगारांच्या देण्यांना प्रतिभूत धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळते. १९५६ च्या कंपनी कायद्यातील कलम ५२९-अ मध्ये अशी कालमर्यादा नव्हती. चालू कारखान्यासाठी २४ महिने पुरेसे वाटतील. जो कारखाना प्रक्रियेच्या कित्येक वर्षे आधीच बंद आहे, त्याच्या बाबतीत हे २४ महिने जवळजवळ कोरेच असणार! सुनीलकुमार जैन प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की निराकरण प्रक्रियेच्या काळातील वेतन हा प्रक्रियेचा खर्च ठरण्यासाठी कामगाराने त्या काळात प्रत्यक्ष काम केलेले असले पाहिजे. बंद फाटकाबाहेर बसलेल्याला त्याचा उपयोग नाही.

भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधी यांतून कामगारांना देय असलेल्या रकमा मात्र कलम ३६ नुसार समापनाच्या मालमत्तेत धरल्या जात नाहीत. उर्वरित देण्यांसाठी निराकरण प्रक्रियेत मुदतीत दावा दाखल करावा लागतो. कामगाराचा स्वतःचा दावा 'फॉर्म डी' मध्ये, तर अनेकांच्या वतीने प्राधिकृत प्रतिनिधीचा 'फॉर्म ई' मध्ये असतो. दाव्यासोबत पुरावा लागतो. कारखाना बंद होऊन दशक उलटल्यावर वेतनचिठ्ठी व नेमणूकपत्र किती घरांत शिल्लक असते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.