निगेटिव्ह आली, म्हणून सुटलो असं नाही

"घरीच टेस्ट केली, निगेटिव्ह आली. साधी सर्दी आहे." अंगात ताप, घसा बसलेला, आणि हे वाक्य सांगून माणूस ऑफिसला जातो, साखरपुड्याला जातो, आजारी आजोबांना भेटायला जातो. कोविडने आपल्याला चाचण्यांची नावं तोंडपाठ करायला लावली, पण कोणत्या चाचणीवर किती विसंबायचं हे मात्र अजून अंगवळणी पडलेलं नाही. वर्षानुवर्षं कानावर येणारा हा समज म्हणूनच आधी घेऊ.

गैरसमज: अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे कोविड नाही.

वस्तुस्थिती: या नमुन्यात, आजच्या दिवशी, पट्टीला दिसेल इतका विषाणू नव्हता, एवढंच त्या निकालातून कळतं. विषाणूच्या प्रथिनाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं किटच्या पट्टीवर बसवलेली असतात. नाकातून घेतलेल्या नमुन्यात ते प्रथिन पुरेसं असेल तरच 'टी'समोर रेघ उमटते. नमुन्यात आहे तेवढ्यावरच पट्टीला भागवावं लागतं. आरटी-पीसीआरचं तसं नाही. तिथे विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवतात आणि दर आवर्तनात त्याच्या प्रती दुप्पट करत नेतात. सगळं नीट चाललं तर ३० आवर्तनांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. त्यामुळे पट्टीच्या नजरेतून सुटलेला विषाणू प्रयोगशाळेत सापडतो.

हा फरक किती मोठा आहे, ते कुणी लपवलेलं नाही. जून २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एक पत्रक काढून पहिल्या अँटिजेन किटची शिफारस केली. त्या किटची संवेदनशीलता (बाधितांपैकी किती जण सापडतात) ५०.६ ते ८४ टक्के आणि विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती जणांना निगेटिव्ह निकाल मिळतो) ९९.३ ते १०० टक्के असल्याचं त्याच पत्रकात छापलं होतं. पुढे कोक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. लक्षणं असलेल्या बाधितांपैकी सरासरी ७३ टक्के लोक अँटिजेन चाचणीत सापडले, लक्षणं नसलेल्यांपैकी जेमतेम ५५ टक्के.

हिशेब सरळ आहे. ताप-खोकला असलेल्या १०० कोविडबाधितांनी ही चाचणी केली, तर सुमारे २७ जणांच्या हाती निगेटिव्ह निकाल पडेल. हे लोक बाधित आहेत, त्यांच्यातले कित्येक दुसऱ्यांना संसर्ग देऊ शकतात, आणि निकाल पाहून तेच मास्क काढून ठेवतात. "आपण कशाला त्या २७ जणांत असू?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की त्यांतल्या प्रत्येकाला अगदी असंच वाटत असतं.

विशिष्टतेचा आकडा मात्र भक्कम आहे. अँटिजेनचा पॉझिटिव्ह निकाल सहसा खरा असतो. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती किटला मान्यता देताना आयसीएमआरने यावरूनच नियम घालून दिला: पॉझिटिव्ह आली तर पुन्हा चाचणी नको, आणि लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा. लोक नेमकं उलटं करतात. पॉझिटिव्ह आली की "किटच खराब असेल" म्हणून दुसरं विकत आणतात, आणि निगेटिव्ह आली की डोळे मिटून विश्वास ठेवतात. नियम इतका सोपा असताना हे का व्हावं?

चाचणी कितव्या दिवशी केली, हेही पाहावं लागतं. कोक्रेनच्या त्याच पाहणीत लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात साधारण ८१ टक्के बाधित सापडले, दुसऱ्या आठवड्यात ५४ टक्के. घसा खवखवायला लागला त्याच संध्याकाळी चाचणी केली, तरीही ती फसू शकते, कारण तेव्हा नमुन्यात विषाणू अजून पुरेसा नसू शकतो. म्हणून अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करा, आणि लक्षणं नसतील तर ४८-४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा करा. आरटी-पीसीआर हाताशी नसेल तेव्हा निदान एवढं तरी पाळावं.

बाकीचे समज थोडक्यात.

"मग दर वेळी आरटी-पीसीआरच करावी." नको. बरं झाल्यावरही विषाणूचे निर्जीव अवशेष या चाचणीत काही आठवडे सापडू शकतात. निगेटिव्ह येईपर्यंत लॅबला खेटे घालण्यात अर्थ नाही.

"सीटी व्हॅल्यू कमी, म्हणजे आजार गंभीर." आरटी-पीसीआरमध्ये विषाणू दिसायला किती आवर्तनं लागली, ते ही व्हॅल्यू सांगते. नमुना कसा घेतला, कितव्या दिवशी घेतला, किट कोणतं वापरलं, यावर हा आकडा बदलतो. रुग्णाची प्रकृती त्यावरून ठरत नाही.

"एचआरसीटी हीच पक्की चाचणी." छातीच्या या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांचं नुकसान दिसतं, विषाणू दिसत नाही. सौम्य आजारात त्याने फक्त किरणोत्सर्ग आणि खर्च पदरात पडतो.

"अँटिबॉडी चाचणीत आजचा संसर्ग कळतो." संसर्गानंतर प्रतिपिंडं तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर निदानाची वेळ निघून गेलेली असते.

"रेघ पुसट आहे, म्हणजे निगेटिव्ह." किटवर लिहिलेल्या वेळेत उमटलेली पुसट रेघही पॉझिटिव्हच. त्या वेळेनंतर उमटलेली रेघ मोजायची नाही. 'सी' म्हणजे कंट्रोल; त्यासमोर रेघच नसेल तर चाचणी बाद.

"कोविड नाही, म्हणजे काळजी नाही." फ्लूची लक्षणंही अशीच असतात, आणि त्यावरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी घरच्या किटवर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं.

कोणती चाचणी करायची, याचं उत्तर लक्षणं आहेत का आणि कितव्या दिवशी आहेत, यावर ठरतं. लवकर कळायला हवं असेल तर अँटिजेन करा. ती निगेटिव्ह आली पण ताप-खोकला कायम असेल, तर आरटी-पीसीआर करा आणि तिचा निकाल येईपर्यंत मास्क लावून घरी थांबा. श्वास लागत असेल किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला असेल, तर कुठल्याही चाचणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.