हळदीचा भाव आणि हळदीची मजुरी

कॉफी हे आपल्या मुलखातले पीक नव्हे. सातारा-सांगलीच्या खेड्यात पाहुण्यापुढे अजून चहाच येतो. तरीही कॉफीच्या जागतिक व्यापारातील अन्याय आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. कारण त्या अन्यायावर जगाने जो उपाय काढला, त्यात आपला माणूस कुठे बसतो हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

कॉफी पिकते ब्राझीलमध्ये, इथिओपियात, आपल्याकडे कोडगू-चिकमगळूरला. तिचा भाव ठरतो न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात. कॉफीचे एक झाड नसलेला जर्मनी तिच्यावर प्रक्रिया करून मोठा निर्यातदार बनतो. 1962 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली निर्यातकोट्यांची पद्धत जुलै 1989 मध्ये मोडली आणि भाव कोसळले. 2001 साली ते पौंडाला सरासरी 50 सेंटच्याही खाली गेले. दरम्यान 1988 मध्ये हॉलंडात ‘मॅक्स हॅवेलार’ हे प्रमाणचिन्ह निघाले. लहान उत्पादकाला किमान भाव मिळावा, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण उत्पादक म्हणजे कोण?

हे सांगलीच्या हळदीवरून नीट कळते. हळद वाई-कोरेगावकडे पिकते, मिरज-वाळव्याकडे पिकते, आणि परप्रांतातूनही सांगलीच्या यार्डात येते. 2004 पासून तिचा वायदेबाजार सुरू झाला. ज्याने हळदीचा गड्डा हातात धरला नाही, असा माणूसही तिची खरेदी-विक्री करू लागला. 2010 मध्ये भाव क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेला आणि 2012 च्या सुरुवातीला चार-पाच हजारांवर आला. त्याआधी 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचे एकस्व अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून ते 1997 मध्ये रद्द करवले. हा लढा योग्यच होता. वर्तमानपत्रांनी त्याला ‘हळदीची लढाई’ म्हटले. हळदीच्या रानातल्या मजुरीची लढाई मात्र त्यांच्या पानांवर फारशी दिसली नाही.

माझी आई माघ-फाल्गुनात हळदीच्या रानात जायची. पुरुष कुदळीने कांदा उकरायचे, बायका माती झाडून गड्ड्यापासून हळकुंडे मोडायच्या. बोटे पिवळी व्हायची ती महिनाभर तशीच राहायची. मग काहिलीत शिजवणे, वाळवणे, पॉलिश. शंभर किलो ओली हळद वाळून वीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे भाव वीस किलोला आणि कष्ट शंभर किलोचे. ज्या वर्षी भाव चढला त्या वर्षी आईची मजुरी चढल्याचे मला आठवत नाही. भाव पडला की मात्र पुढच्या वर्षी हळद कमी लागायची आणि काम जायचे. तेजी तिच्या दारावरून निघून जायची, मंदी घरात शिरायची.

हरिपूरची पेवे प्रसिद्ध आहेत. कृष्णाकाठच्या मातीत अरुंद तोंडाची खोल पेवे खणून त्यांत हळद ठेवीत. आत हवा नसल्याने कीड लागत नसे, माल वर्षानुवर्षे टिके. व्यापारी भाव येईपर्यंत थांबू शके. पेव उघडल्यावर लगेच उतरले तर जीव जाण्याचा धोका. आणि कीड जगत नाही अशा त्या जागेत उतरणारा हमालच असे. व्यापारातली खरी सत्ता या थांबण्याच्या ताकदीत आहे. व्यापारी वर्षे थांबतो, बागायतदार एखादा हंगाम थांबतो, लहान शेतकऱ्याला सोसायटीचे कर्ज थांबू देत नाही. शेतमजूर बाईला संध्याकाळची चूल थांबू देत नाही.

म्हणून ‘शेतमालाला रास्त भाव’ ही घोषणा मला अपुरी वाटते. तिला माझा विरोध नाही. पण ती बांधापाशी थांबते. बांधाच्या आत कोण मालक आणि कोण मजूर, हे भावाने ठरलेले नाही, ते गावगाड्याने ठरवलेले आहे. महार वतने 1958 च्या कायद्याने गेली, तरी त्यांतल्या पुष्कळ जमिनी आधीच दुसऱ्यांच्या कब्जात होत्या. 1959 आणि 1964 चे दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीन सत्याग्रह याच प्रश्नावर होते. बाबासाहेबांनी तर 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन सरकारच्या मालकीची करावी आणि जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही उरणार नाहीत, असे मांडले होते.

हे केवळ आपल्याकडचे रडगाणे नाही. लंडन विद्यापीठातल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात कॉफी, चहा, फुले यांवर राबणाऱ्या मजुरांची पाहणी करून 2014 मध्ये अहवाल दिला. ‘न्याय्य व्यापारा’च्या उत्पादक संस्था असलेल्या भागांतही मजुरांची स्थिती इतरांपेक्षा बरी नव्हती, मजुरी पुष्कळदा कमीच होती. चिन्ह पाकिटावर होते, मजुराला त्याचा उपयोग नव्हता. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला हीच गोष्ट आठवली.

यार्डातल्या हमालासाठी 1969 चा माथाडी कायदा झाला, तो हमालांनी संघटना बांधली म्हणून. रानातल्या टोळीला तसे मंडळ नाही. ती मुकादमाच्या शब्दावर उक्ते काम घेते. पण एक गोष्ट टोळीच्या बाजूची आहे. वाळलेली हळद पेवात वर्षे थांबते, काढलेली ओली हळद मात्र चार-दोन दिवसांत शिजवावी लागते. काढणीच्या त्या दिवसांत मालकाला थांबता येत नाही. मजुरीचा दर बोलायचा तो तेव्हा, आणि एका गावाच्या टोळीने नव्हे तर शेजारच्या पाच गावांच्या टोळ्यांनी मिळून, काढणीला हात घालण्यापूर्वी.