चर्चेआधीची चर्चा : कोलंबियाने शांततेची तयारी कशी केली

सरकार आणि सशस्त्र बंडखोर यांच्यात शांतता चर्चा सुरू होण्यापूर्वी काही गोष्टी ठरवाव्या लागतात : बोलणार कोण, कोणत्या विषयांवर, कुठे, कोणाच्या साक्षीने, आणि बोलणी चालू असताना बंदुकांचे काय करायचे. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मोघम राहिले तर वाद मूळ मुद्द्यावर न होता त्या मोघमपणावरच होत राहतो. म्हणून जाहीर बोलण्यांच्या आधी, बहुधा गुप्तपणे, या प्रश्नांवरच एक वेगळी वाटाघाट केली जाते. या तयारीचे अलीकडच्या काळातील सर्वांत तपशीलवार उदाहरण दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात सापडते. तिथे सरकार आणि ‘फार्क’ या गनिमी संघटनेने 2012 साली सहा महिने फक्त ‘चर्चा कशी करायची’ यावर चर्चा केली. त्यानंतरची बोलणी चार वर्षे टिकली आणि करारापर्यंत पोहोचली.

फसलेल्या प्रयत्नाचा धडा

फार्क म्हणजे कोलंबियाची क्रांतिकारी सशस्त्र दले. भूमिहीन आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या असंतोषातून 1964 साली ही मार्क्सवादी संघटना उभी राहिली. पुढच्या दशकांत लष्कर, फार्क, इतर गनिमी गट आणि उजव्या निमलष्करी टोळ्या यांच्यातील संघर्षाने देश पोखरला. कोलंबियाच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्मृती केंद्राच्या 2013 च्या अहवालानुसार 1958 ते 2012 या काळात सुमारे 2 लाख 20 हजार लोक मारले गेले आणि त्यांतील पाचांपैकी चार सामान्य नागरिक होते.

समेटाचे प्रयत्न आधीही झाले होते. फार्कबरोबरच्या 1984 च्या युद्धविरामानंतर ‘युनिओन पात्रिओतिका’ हा डावा पक्ष स्थापन झाला, पण त्याच्या हजारो कार्यकर्त्यांच्या हत्या झाल्या. शस्त्र खाली ठेवले की जीव जातो, ही धास्ती फार्कच्या मनात तेव्हापासून पक्की झाली. दुसरा मोठा प्रयत्न राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना यांनी 1999 ते 2002 या काळात काग्वान भागात केला. त्यांनी पाच पालिकाक्षेत्रांतून लष्कर मागे घेतले. सुमारे 42 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या अकरापट मोठा हा प्रदेश फार्कच्या हाती आला. 7 जानेवारी 1999 रोजी उद्घाटनाला फार्कचे प्रमुख मान्युएल मारुलांदा आलेच नाहीत. राष्ट्राध्यक्षांशेजारची त्यांची रिकामी खुर्ची साऱ्या देशाने पाहिली. विषयपत्रिकेत बारा विषय होते आणि त्यांत अर्थव्यवस्थेपासून परराष्ट्र संबंधांपर्यंत जवळजवळ सगळे राष्ट्रजीवन सामावले होते. बैठका कॅमेऱ्यांसमोर भरत. फार्कने त्या मोकळ्या प्रदेशात ओलीस ठेवले आणि बळ वाढवले. सरकारही अमेरिकी मदतीने लष्कराची नव्याने बांधणी करत राहिले. फेब्रुवारी 2002 मध्ये फार्कने एक प्रवासी विमान पळवून त्यातील सिनेटरचे अपहरण केले आणि बोलणी संपली.

या अपयशातून नंतर बोलणी करणाऱ्या सरकारने चार निष्कर्ष काढले : प्रदेश द्यायचा नाही, विषय मोजकेच ठेवायचे, बोलणी देशाबाहेर करायची आणि नियम आधी लिहून घ्यायचे.

आधी परिस्थिती, मग टेबल

तयारीचा पहिला भाग टेबलापासून दूर घडला. राष्ट्राध्यक्ष आल्वारो उरीबे यांच्या 2002 ते 2010 या कारकिर्दीत लष्कराने फार्कला शहरांपासून आणि महामार्गांपासून मागे रेटले. त्या काळात काही वर्षे संरक्षणमंत्री असलेले हुआन मान्युएल सांतोस ऑगस्ट 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. फार्क पराभूत नव्हती, पण तिचा विजय आता शक्य नव्हता. सरकार वरचढ होते, पण जंगलातल्या शेवटच्या बंडखोरापर्यंत पोहोचायला आणखी किती वर्षे लागतील हे कोणी सांगू शकत नव्हते. दोन्ही बाजूंना युद्ध चालू ठेवणे तडजोडीपेक्षा महाग वाटू लागते, तेव्हाच बोलण्यांना अर्थ येतो.

सांतोस यांनी सत्तेवर येताच शेजाऱ्यांशी जुळवून घेतले. व्हेनेझुएलाशी संबंध तुटले होते. शपथविधीनंतर तीनच दिवसांनी त्यांनी ह्यूगो चावेझ यांच्याशी सांता मार्ता शहरात भेट घेऊन ते पूर्ववत केले. फार्कचे अनेक नेते सीमेपलीकडे वावरत असल्याने चावेझ यांच्या सहकार्यावाचून संपर्क टिकणे कठीण होते. पाठोपाठ कायद्याची बाजू आली. जून 2011 च्या पीडित कायद्याने देशात ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ असल्याचे मान्य केले. फार्कचे लोक निव्वळ दहशतवादी आहेत, ही उरीबे यांची भूमिका होती. ती कायम ठेवून त्यांच्याशी राजकीय करार करता आला नसता. जून 2012 मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून संक्रमणकालीन न्यायाला, म्हणजे युद्धातून शांततेकडे जातानाच्या विशेष न्यायव्यवस्थेला, वाट करून दिली.

निरोप्या आणि कसोटी

पहिला निरोप 2010 मध्येच गेला. हेन्री आकोस्ता या व्यावसायिकाची फार्कचे नेते पाब्लो कातातुम्बो यांच्याशी जुनी ओळख होती. राष्ट्राध्यक्षांचा संदेश त्यांनी डोंगरातल्या तळापर्यंत नेला आणि उत्तर परत आणले. असा मध्यस्थ दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो : बोलणी फिसकटली तर सरकारला ‘आम्ही बोललोच नाही’ असे म्हणता येते आणि बंडखोरांनाही कमकुवत दिसावे लागत नाही. 2011 मध्ये दोन्हीकडचे दुय्यम प्रतिनिधी सीमाभागात आणि व्हेनेझुएलात भेटू लागले. पुढची बैठक कुठे, प्रवास कसा, सुरक्षेची हमी कोण देणार, एवढेच विषय तिथे होते.

याच काळात मोठी कसोटी आली. 4 नोव्हेंबर 2011 रोजी लष्कराने फार्कचे तत्कालीन प्रमुख आल्फोन्सो कानो यांना ठार केले. ज्या नेत्याने संपर्काला होकार दिला होता, तोच सरकारच्या कारवाईत मारला गेला. तरीही त्यांचे वारस तिमोचेन्को यांनी संपर्क तोडला नाही. बोलणी सुरू आहेत म्हणून युद्ध थांबणार नाही आणि युद्ध सुरू आहे म्हणून बोलणी मोडणार नाहीत, हा पुढच्या बोलण्यांतला नियम इथे प्रत्यक्षात आधीच पाळला गेला.

हवानातील सहा महिने

23 फेब्रुवारी 2012 रोजी क्युबाची राजधानी हवाना इथे गुप्त ‘अन्वेषण बैठका’ सुरू झाल्या. सरकारच्या बाजूने सुरक्षा सल्लागार सेर्हिओ हारामियो, मंत्री फ्रँक पर्ल आणि राष्ट्राध्यक्षांचे बंधू, ज्येष्ठ पत्रकार एन्रिके सांतोस होते. बंधूंची उपस्थिती हाच एक निरोप होता : समोरचा माणूस थेट राष्ट्राध्यक्षांच्या वतीने बोलतो आहे. फार्कचे नेतृत्व मौरिसिओ हारामियो यांच्याकडे होते.

क्युबा आणि नॉर्वे हे हमीदार देश होते. क्युबावर फार्कचा विश्वास होता. नॉर्वेला मध्यस्थीचा अनुभव होता आणि कोलंबियात त्याचा स्वतःचा स्वार्थ नव्हता. हे देश निवाडा देणारे पंच नव्हते. बोलणी थेट दोन पक्षांत होत; हमीदार उपस्थित राहत, व्यवस्था पाहत आणि ताण वाढला की तो निवळवत. व्हेनेझुएला आणि चिली हे सहयोगी देश म्हणून जोडले गेले.

मतभेद कमी नव्हते. फार्कला बोलणी कोलंबियातच हवी होती आणि युद्धविरामही हवा होता. सरकारला दोन्ही नको होते, कारण दोन्हींत काग्वानची पुनरावृत्ती दिसत होती. अखेर 26 ऑगस्ट 2012 रोजी ‘सर्वसाधारण करार’ झाला. त्यातील विषय अवघे सहा : ग्रामीण विकास आणि जमीन, राजकीय सहभाग, संघर्षाची समाप्ती, अमली पदार्थ, पीडित, आणि अंमलबजावणी. शेतकरी चळवळ म्हणून जन्मलेल्या फार्कसाठी जमिनीचा विषय पहिला ठेवला गेला. देशाची आर्थिक व्यवस्था आणि लष्कराचे भवितव्य यांना मात्र यादीत जागा नव्हती.

कार्यपद्धतीही लिहिली गेली. प्रत्येक शिष्टमंडळात जास्तीत जास्त तीस जण, टेबलावर दहा, त्यांतील पूर्णाधिकार असलेले पाच. बोलणी देशाबाहेर आणि सलग चालतील. सगळ्या गोष्टींवर एकमत होईपर्यंत कोणतीही एक गोष्ट ठरली असे मानले जाणार नाही. या शेवटच्या नियमामुळे एखाद्या विषयात सवलत देताना ती कायमची हातातून गेली, अशी भीती उरत नाही.

माणसे आणि व्यवस्था

जाहीर टप्प्यासाठी सरकारने माजी उपराष्ट्राध्यक्ष उंबेर्तो दे ला काये यांना प्रमुख नेमले. त्यांच्याबरोबर निवृत्त लष्करप्रमुख होर्हे एन्रिके मोरा, निवृत्त पोलीसप्रमुख ऑस्कर नारान्हो आणि उद्योजकांच्या संघटनेचे प्रमुख लुईस कार्लोस व्हियेगास होते. करारानंतर लष्करी बराकींत किंवा उद्योगवर्तुळात ‘आम्हाला विकले’ अशी ओरड होऊ नये, याची काळजी या निवडीत दिसते. सांतोस यांनी बाहेरच्या अनुभवी सल्लागारांचाही गट जमवला. त्यात उत्तर आयर्लंडच्या बोलण्यांतील ब्रिटिश अधिकारी जोनाथन पॉवेल, इस्रायलचे माजी परराष्ट्रमंत्री श्लोमो बेन-आमी आणि एल साल्व्हादोरचे माजी गनिमी सेनानी होआकिन व्हियालोबोस होते.

बंडखोरांना टेबलापर्यंत आणणे हे वेगळेच काम होते. त्यांच्यावरची अटक वॉरंट स्थगित करावी लागली आणि इंटरपोलच्या नोटिसा बाजूला ठेवाव्या लागल्या. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मदतीने त्यांना जंगलातून हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले. हे सगळ्यांच्या बाबतीत जमले नाही. फार्कने प्रतिनिधी म्हणून जाहीर केलेले सिमोन त्रिनिदाद अमेरिकेत शिक्षा भोगत होते. ते हवानाला येऊ शकले नाहीत.

18 ऑक्टोबर 2012 रोजी नॉर्वेत चर्चेचा जाहीर प्रारंभ झाला. फार्कचे प्रमुख प्रतिनिधी इवान मार्केस यांनी खाणी, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि साऱ्या अर्थव्यवस्थेवर तोफ डागली. दे ला काये यांनी सही झालेल्या कराराकडे बोट दाखवले : हे विषय यादीत नाहीत. कागद हातात नसता तर पहिल्याच दिवशी बोलणी पुन्हा काग्वानच्या वाटेने गेली असती.

राहून गेलेली तयारी

26 सप्टेंबर 2016 रोजी कार्ताहेना शहरात अंतिम करारावर सह्या झाल्या. 2 ऑक्टोबरच्या सार्वमतात मात्र 50.2 टक्के मतदारांनी तो नाकारला. फरक सुमारे 54 हजार मतांचा होता. टेबलाची तयारी काटेकोर झाली, पण देशाची झाली नाही. गुप्ततेने बोलणी वाचवली. जाहीर टप्प्यातही चर्चा बंद दाराआड राहिल्यामुळे लोकांपर्यंत अर्धवट माहिती पोहोचली आणि ती पोकळी विरोधकांनी भरली. उरीबे यांच्यासारखा लोकप्रिय माजी राष्ट्राध्यक्ष प्रक्रियेबाहेर राहिला. करारात बदल करून नोव्हेंबरमध्ये तो संसदेकडून मंजूर करून घ्यावा लागला. 2017 मध्ये फार्कच्या सुमारे 7 हजार सैनिकांनी संयुक्त राष्ट्रांकडे शस्त्रे सोपवली. अंमलबजावणी रखडली आणि इवान मार्केस यांनी 2019 मध्ये पुन्हा शस्त्र हाती घेतले, तरी संघटना म्हणून फार्क युद्धात परतली नाही.

तयारी वगळल्यास काय होते, हेही कोलंबियानेच नंतर दाखवले. 31 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो पेत्रो यांनी ‘ईएलएन’ या गनिमी संघटनेसह पाच गटांशी द्विपक्षीय युद्धविराम झाल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच ईएलएनने असा काही करार झालाच नसल्याचे सांगितले आणि सरकारला तिच्याबाबतचा आदेश स्थगित करावा लागला. एक दशकापूर्वी हवानात सहा महिने ज्या प्रश्नांवर खर्च झाले, त्यांतल्याच एकाचे उत्तर इथे समोरच्या पक्षाला न विचारता गृहीत धरले गेले होते.