शेवाळाचं खातं

उन्हाळ्यात रहिमतपूर भागातल्या विहिरींचं पाणी तळाला जातं आणि वर हिरवं गोंडाळ धरतं. घरातल्या बाया नाक मुरडतात. पण हे गोंडाळ उगाच आलेलं नसतं.

उसाला, आल्याला टाकलेला सगळाच युरिया पीक घेत नाही. उरलेल्याचं नायट्रेट होतं आणि झिरपत विहिरीत, पुढं कृष्णेत उतरतं. शेवाळ तेच नायट्रेट उन्हाच्या बळावर आत ओढून त्याची प्रथिनं करतं, फॉस्फेटही घेतं. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात याच गुणावर सांडपाण्याची उथळ तळी चालवून दाखवली. दिवसा शेवाळानं सोडलेल्या प्राणवायूवर जिवाणू घाण खातात, अशी ती जोडी.

शिसे, कॅडमियम, तांबे यांची तऱ्हा वेगळी. शेवाळाच्या पेशीच्या भिंतीवर ऋण विद्युतभार असतो आणि या धातूंच्या कणांवर धन. ते काही मिनिटांतच भिंतीला चिकटतात. मेलेलं, वाळलेलं शेवाळही हे काम करतं. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत हे चालू खातं, कारण आम्लानं धुतलं की रक्कम परत हातात. जिवंत पेशी मात्र सावकाश थोडा धातू आत घेते आणि गंधक असलेल्या छोट्या प्रथिनांनी बांधून ठेवते. ही झाली मुदत ठेव.

अडचण खातेदार मेल्यावर येते. पेशी कुजली की ठेव पुन्हा पाण्यात. ती कुजताना प्राणवायू संपतो, रात्री तर शेवाळ स्वतःच तो वापरतं, आणि मासे गुदमरतात. शेवाळ माशांनी खाल्लं, तर ठेव माशांच्या नावावर चढते. जपानमध्ये मिनामाता इथं १९५६ साली उघडकीस आलेला पाऱ्याचा रोग अशाच साखळीनं, सूक्ष्म जीव आणि मासे यांच्यामार्फत, माणसांच्या ताटापर्यंत पोचला होता.

म्हणून शेवाळ वेळेवर बाहेर काढलं, तरच पाणी साफ झालं म्हणायचं. विहीर हिरवी असो वा नितळ, नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्यानं दाट होतं. तान्ह्या बाळाची पावडर कालवणाऱ्या घरानं विहिरीचं पाणी तपासूनच घ्यावं.

कारखान्याच्या पाण्यावर वाढलेलं शेवाळ रानात टाकू नये. त्यातले धातू मातीत उतरतील. नुसत्या खताच्या पाण्यावर पोसलेलं मात्र खुशाल टाकावं. उपशाच्या वेळी काढलेलं गोंडाळ बांधावर पसरलं, की उसाला टाकलेला युरिया थोडा उशिरा का होईना, उसाकडेच परत जातो.